वायपर अडतो कोठे?

ज्येष्ठ सरता सरता बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडीस जाणाऱ्या प्रत्येक मोटारीची एक परीक्षा सुरू होते. वळणावळणावर धुके, समोरून येणाऱ्या मालमोटारींचे अंधुक दिवे आणि काचेवर अखंड कोसळणारे पाणी. अशा वेळी चालकाचा सारा भरवसा रबराच्या दोन अरुंद पट्ट्यांवर असतो. त्या पट्ट्या काचेच्या मध्यावर अकस्मात थबकल्या तर काय होते, याचा हिशेब फार अवघड नाही. ताशी ४० किलोमीटर अशा बेताच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. काय झाले हे उमगून गाडी कडेला घेईपर्यंत चार सेकंद गेले, तर सुमारे ४५ मीटर वाट आंधळेपणाने तुडविली गेली. घाटातले एखादे वळण याहून आखूड असते. प्रत्येक गाडीला कार्यक्षम आणि यंत्रशक्तीवर चालणारा वायपर असलाच पाहिजे, असे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी घातले आहे ते उगाच नव्हे.

गाडी कशीबशी घाट उतरते, दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाते, आणि तेथे बहुधा दोन शब्दांत निकाल लागतो: "मोटर गेली." मोटार म्हणजे वाहन आणि मोटर म्हणजे त्यातील विजेवर फिरणारे यंत्र, हा भेद श्रोत्यांनी या भाषणापुरता ध्यानी ठेवावा. नवी मोटर बसते, बिल चुकते होते, गाडी घरी येते. कित्येकदा वायपर चालूही लागतात; आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा अडतात. कारण दोष मोटरमध्ये नव्हताच. मोटर बदलताना तिची जोडणी उपसून पुन्हा दाबून बसविली गेली, तेवढ्याने पितळी टोकांवरचा कळंक खरवडला गेला आणि काही दिवसांपुरता प्रवाह नीट वाहू लागला. निर्दोष यंत्र भंगारात गेले, गुन्हेगार गाडीतच राहिला. वायपरमधील विजेचा दोष शोधताना पहिला नियम हाच की, मोटरला सर्वांच्या शेवटी दोषी धरावे, आणि तेही मोजमाप केल्यावर.

काच पुसण्याच्या या साधनाचा इतिहास मोटारीच्या इतिहासाहून फारसा लहान नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाईंना १९०३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आतून हाताने दांडा फिरवावा आणि बाहेर रबराची पट्टी काचेवरून सरकावी, अशी ती साधी योजना होती. पुढे बऱ्याच गाड्यांत दांड्याची जागा इंजिनाच्या शोषणशक्तीने घेतली. इंजिन ज्या नळीतून हवा ओढून घेते, तिच्यातील पोकळीवर हे वायपर चालत. पण चढावर चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती पोकळी ओसरे आणि वायपर नेमके गरजेच्या वेळी मंदावत. घाटातून नित्य जा-ये करणाऱ्याला यातील विनोद रुचणार नाही. विजेच्या मोटरने ही अडचण घालविली. त्यानंतर रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन अभियंत्याने, रिमझिम पावसात डोळ्याच्या पापणीप्रमाणे थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचे विद्युत्-मंडल रचले. १९६७ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्या हक्कासाठी बड्या मोटार कंपन्यांशी तो वर्षानुवर्षे न्यायालयात झगडला. ती कथा येथे नको. परंतु त्या मंडलातील एक गोष्ट दोष शोधणाऱ्यास आजही उपयोगी पडते. दोन फेऱ्यांमधला विसावा मोटर ठरवीत नाही, तो वेगळ्या मंडलात ठरतो. कर्न्सने त्यासाठी कपॅसिटरमध्ये विद्युत्-भार साठण्यास लागणाऱ्या वेळाचा उपयोग केला. आता तेच काम गाडीतला छोटा संगणक करतो. म्हणून संथ आणि जलद या दोन्ही गती नीट असून केवळ थांबून थांबून चालणेच बिघडले असेल, तर मोटरकडे पाहण्याचे कारणच नाही. तो दोष काळ मोजणाऱ्या भागात, रिलेत किंवा स्विचात शोधावा.

लक्षणांवरून असे पुष्कळ समजते. मात्र मोटरच्या पोटात काय आहे हे ठाऊक हवे. सर्वसाधारण वायपर-मोटरमध्ये चुंबकांच्या मधोमध तारेची वेटोळी गुंडाळलेले आर्मेचर फिरते आणि त्याला कार्बनचे तीन ब्रश प्रवाह पोचवितात. एक ब्रश ऋण टोकाचा. तो दोन्ही गतींना सामाईक. दुसरा त्याच्या बरोबर समोर, तो संथ गतीचा. तिसरा किंचित बाजूस सरकविलेला असतो. त्यातून प्रवाह गेला की वेटोळ्यांचा काही भागच कामास येतो, मोटरचा स्वतःचा विरोधी दाब कमी पडतो आणि ती अधिक वेगाने फिरते. यावरून निष्कर्ष सरळ निघतो. जलद गती चालते आणि संथ चालत नाही, असे असेल तर चुंबक, आर्मेचर, सामाईक ब्रश आणि अर्थची तार हे सगळे एका दमात निर्दोष ठरतात. संशय उरतो तो संथ गतीच्या ब्रशावर, तिच्या तारेवर आणि तिच्या स्विचावर. घाटात अडलेल्या चालकानेही हे लक्षात ठेवावे. एक गती मेली तर दुसरी लावून पाहावी. निदान गाव गाठता येते. आणखी एक खूण आहे ती कानाची. मध्यम लहरींवर एखादे भाषण ऐकत असता वायपर लावताच रेडिओत खरखर सुरू झाली, तर ब्रश झिजून ठिणग्या पडत असाव्यात, किंवा त्या ठिणग्यांचा आवाज शोषून घेणारा कपॅसिटर निकामी झाला असावा.

वायपर बंद केल्यावर पट्ट्या आपण होऊन खाली जाऊन निजतात, हीसुद्धा मोटरचीच करामत आहे. चालकाने स्विच बंद केला तरी मोटरला दुसऱ्या वाटेने प्रवाह मिळत राहतो. आतल्या दातेरी चाकावरचा एक संपर्क पट्ट्या तळाशी पोचताच ती वाट तोडतो आणि ब्रश अर्थला जोडून देतो. फिरत्या मोटरने स्वतः निर्माण केलेली वीज मग तिलाच ब्रेक लावते. ही रचना कळली की तीन निरनिराळी दुखणी वेगळी ओळखता येतात. स्विच बंद करताच पट्ट्या असतील तेथे थांबल्या, तर त्या दुसऱ्या वाटेला प्रवाह नाही. बंद करूनही त्या थांबतच नाहीत, तर आतला संपर्क सुटत नाही किंवा रिलेची टोके एकमेकांस चिकटली आहेत. आणि तळाशी येऊन क्षणभर अडखळून पुन्हा वर जात असतील, तर ब्रेकची जोडणी गेली आहे.

येथपर्यंतची हकीगत चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीलाही लागू पडेल. आजच्या गाडीत एक मोठा फरक झाला आहे. पूर्वी मोटरचा सारा प्रवाह सुकाणूच्या बाजूच्या स्विचातून जात असे. आता पुष्कळ गाड्यांत तो स्विच केवळ अर्जदार आहे. चालकाने दांडी खाली केली की गाडीच्या नियंत्रक पेटीकडे मागणी जाते; ती पेटी रिले किंवा ट्रान्झिस्टर चालू करते, मग मोटरला वीज मिळते. काही गाड्यांत याच्याही पुढे मजल गेली आहे. तेथे मोटरलाच छोटासा संगणक जोडलेला असतो आणि त्याला लिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच बारीक तारेवरून संदेश येतात. अशा मोटरकडे दोन जाड तारा जातात, एक बॅटरीच्या धन टोकाची आणि एक अर्थची; तिसरी बारीक तार हुकमाची. वीज आहे पण हुकूम नाही, तरी मोटर स्तब्ध. हुकूम आहे पण वीज नाही, तरीही स्तब्ध. बाहेरून दोन्ही दुखणी एकसारखीच दिसतात. जुन्या पिढीतला कसबी वायरमन नव्या गाडीपुढे गोंधळतो तो येथे. त्याचे ज्ञान खोटे ठरलेले नसते, त्याला तपास फक्त दोन वाटांनी करावा लागतो.

हुकमाची वाट तपासण्यास स्कॅनर लागतो. नियंत्रक पेटीस काय दिसते आहे ते त्याच्या पडद्यावर वाचता येते. दांडी खालीवर करावी आणि पडद्यावर मागणी बदलते की नाही ते पाहावे. बदलत असेल तर दांडी, तिचा स्विच आणि पेटीपर्यंतची तार यांची सुटका झाली. मग स्कॅनरवरूनच वायपरला चालण्याचा हुकूम द्यावा. त्याने वायपर चालले तर पेटीपासून मोटरपर्यंतची वाट शाबूत आहे. न चालले तर दोष पुढच्या अर्ध्या भागात आहे, हे दहा मिनिटांत आणि एकही स्क्रू न सोडता कळते. परंतु स्कॅनर दाखवितो त्या दोषांकाचा अर्थ भलता लावू नये. "वायपर मोटर मंडल" असे त्यावर उमटले की मोटर खराब, असे मानण्याची जी चाल पडली आहे, ती त्या जुन्या दोन शब्दी निकालाचीच नवी आवृत्ती होय. यंत्र मंडलाचे नाव घेते, भागाचे नव्हे; त्या मंडलात तार, जोडणी, अर्थ आणि मोटर असे चारही संशयित असतात.

एक खबरदारी येथेच सांगितलेली बरी. काही गाड्यांत बॉनेट उघडे असताना वायपर चालू नयेत अशी योजना कारखान्यातच केलेली असते. अशी गाडी बॉनेट उघडून तपासणारा मनुष्य नसलेला दोष तासभर शोधीत बसतो. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी चाळावी.

आता विजेची वाट. येथे मल्टिमीटर उपयोगी पडतो आणि येथेच तो फसवितोही. मोटरची जोडणी काढून तिच्या टोकांना मल्टिमीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणजे वीज येते, म्हणजे मोटर खराब, असे अनुमान सर्रास केले जाते. ते चूक आहे. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, त्यामुळे त्यातून नाममात्र प्रवाह वाहतो. तारेतील वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटून एकच शाबूत असला, तरी एवढ्याशा प्रवाहाला तो पुरतो आणि मीटर पूर्ण दाब दाखवितो. गंजून बुजत आलेल्या नळाच्या तोटीवर अंगठा घट्ट दाबून धरला तर आत दाब भरपूर लागतो. अंगठा काढला की बाहेर येते ती करंगळीएवढी धार. मोटरला तीनचार अँपिअरची खरी धार हवी असते. म्हणून मोजमाप करायचे ते प्रवाह चालू असताना, भार अंगावर असताना.

पद्धत अशी. इंजिन चालू ठेवावे, म्हणजे बॅटरीवर साडेतेरा ते चौदा व्होल्ट राहतात. काच पाण्याने चांगली भिजवावी. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये, त्याने रबर फाटते आणि मोटरवर भलता भार पडतो. जोडणी जागेवरच ठेवून वायपर संथ गतीवर चालू करावेत. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे जोडणीच्या मागल्या बाजूने मोटरच्या अर्थच्या तारेवर टेकवावे. दोन्ही ठिकाणे एकाच तारेची दोन टोके समजली जातात, म्हणून फरक जवळजवळ शून्य असावा. एकदोन दशांश व्होल्ट चालतील. तेथे एक किंवा दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. अर्थची तार पत्र्याला जेथे स्क्रूने आवळली आहे तेथे गंज असेल, किंवा जोडणीत कळंक असेल. हेच माप धन बाजूस, बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या धन तारेपर्यंत घ्यावे. ज्या वाटेवर दाब हरवतो, तिच्यावर मीटरचे टोक सांध्यासांध्याने पुढे सरकवीत न्यावे; ज्या सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा एकदम उडी घेतो, तोच सांधा दोषी.

अर्ध्या ओहमचा क्षुल्लक रोध काय करू शकतो ते पाहावे. चार अँपिअर प्रवाहावर तो दोन व्होल्ट खातो, आणि त्याच वेळी सांध्यात आठ वॅट उष्णता निर्माण करतो. ती दिवसेंदिवस त्या बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात कोंडली की प्लॅस्टिक तपकिरी पडते, आतली स्प्रिंगसारखी टोके सैल होतात, रोध आणखी वाढतो. गॅरेजच्या सावलीत वायपर नीट चालतो आणि घाटात का अडतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. मोठ्या पावसात चालक जलद गती लावतो, प्रवाह वाढतो, सांधा तापतो. दिवे आणि पंखा आपला वाटा मागत असतात. त्यातच त्या सांध्यात पाणी शिरते. प्लॅस्टिकचा बदललेला रंग ही न बोलता दिलेली साक्ष आहे आणि ती वाचण्यास मीटरही लागत नाही.

जुनी चाचणी-दिव्याची रीतही टाकाऊ नाही. मागच्या दिव्याचा एकवीस वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडला की तो खरा प्रवाह ओढतो आणि मीटरला फसविणारी कुजकी तार त्याच्यापुढे उघडी पडते. मात्र हा बल्ब फक्त जाड तारांना लावावा. हुकमाच्या बारीक तारेस तो चुकूनही टेकवू नये; तेथील नाजूक ट्रान्झिस्टरला एवढा प्रवाह सोसत नाही, आणि वायपरच्या दुरुस्तीसाठी आलेल्या गाडीची नियंत्रक पेटी जळून बसते.

फ्यूज उडालेला आढळला तर त्यास रोग न समजता लक्षण समजावे. तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज एकदा घालून पाहण्यास हरकत नाही. तो पुन्हा उडाला तर कोठेतरी तार घासून पत्र्याला लागली आहे, किंवा मोटर अडकून पडली आहे. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागविण्याची जी युक्ती जुने चालक मोठ्या कौतुकाने सांगतात, तिच्यामुळे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते. मोटर अडकली आहे की काय हे ठरविण्यास तिचा दांड्यांशी असलेला सांधा सोडवावा. एकटी मोटर मोकळेपणी फिरली तर दोष दांड्यांच्या खुंट्यांत आहे. काही मोटरींत अति तापल्यावर प्रवाह तोडणारी पत्ती असते. वायपर थांबला आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू लागला, तर हाच प्रकार समजावा. याउलट मोटरचा घूं घूं आवाज येतो पण पट्ट्या हलत नाहीत, तेव्हा विजेला बोल लावू नये. नट सैल झाला आहे किंवा दांड्याचा गोलक निसटला आहे.

या दुखण्यांना प्रदेशाप्रमाणे निरनिराळे रूप येते. गोव्यात आणि कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांची ओल तांब्या-पितळेला खाते, म्हणून तेथे प्रथम अर्थ आणि जोडण्या पाहाव्यात. शिवाय आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेच्या तळाशी असलेल्या खोबणीत पालापाचोळा साचतो, पाणी जाण्याची भोके बुजतात आणि तेथेच बसविलेली मोटर तळ्यात उभी राहिल्यासारखी भिजते. ती भोके पावसापूर्वी बोटाने साफ करणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. इंदूर-ग्वाल्हेरकडे तऱ्हा उलटी. तेथे वर्षातील बहुतेक महिने वायपर वापरलेच जात नाहीत; धूळ आणि उन्हाने खुंट्यांतील ग्रीस वाळून डिंकासारखे होते आणि पहिल्याच पावसात अडकलेल्या खुंट्या मोटरला दमवितात. त्या गावी फ्यूज उडाला तर आधी तेलाची कुपी हाती घ्यावी. उंदराने तार कुरतडणे मात्र सर्व प्रांतांत सारखेच चालते.

पाऊस ओळखून आपोआप चालू होणाऱ्या वायपरांविषयी थोडे सांगणे राहिले. आरशामागे काचेला चिकटविलेला संवेदक न दिसणारे अवरक्त किरण काचेत तिरपे सोडतो. काच कोरडी असली की ते आतल्या आत परावर्तित होऊन परत येतात. थेंब पडला की तेथून काही किरण बाहेर निसटतात आणि परतणारा प्रकाश घटतो. त्या घटीवरून पावसाचा अंदाज होतो. संवेदक आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक लगद्याची पातळ गादी असते. पुढची काच बदलताना त्या गादीत हवेचा बुडबुडा राहिला तर उन्हातही वायपर फिरू लागतात किंवा पावसात झोपून राहतात. काच बदलल्यानंतर सुरू झालेल्या अशा खोडीसाठी मोटर, रिले किंवा वायरिंग यांपैकी कशालाही हात लावण्याचे कारण नाही. हातचलाखीची गती लावून वायपर व्यवस्थित चालले, तर दोष त्या गादीत किंवा संवेदकात आहे.

एवढा तपास करून, दोन्ही बाजूंचा दाब भाराखाली पूर्ण आहे, हुकूम पोचतो आहे, दांडे मोकळे आहेत असे ठरले, आणि तरीही मोटर हलत नसेल, तर ती खुशाल बदलावी. जुन्या जोडणीची टोके काळवंडली असतील तर तीही त्याच वेळी बदलावी आणि अर्थचा स्क्रू पत्रा चकचकीत घासून मग आवळावा. नवी मोटर बसविल्यावर पट्ट्यांचे दांडे लगेच चढवू नयेत. प्रथम मोटर नुसतीच एकदा चालवून बंद करावी, म्हणजे ती आपल्या विसाव्याच्या जागी येऊन थांबते. त्यानंतर पट्ट्या काचेच्या तळाशी धरून दांडे खुंट्यांवर बसवावेत आणि नट आवळावेत. हा क्रम उलटा झाला तर पहिल्याच फेरीत पट्ट्या बॉनेटवर आपटतात.